बोलण्याचे मोल

नवी मुंबईतील तुर्भे येथे कृषी उत्पन्न बाजार समितीची विस्तीर्ण आवारे आहेत. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य यांच्या बाजारांतून रात्रंदिवस मालाची चढउतार चाललेली असते. हे बाजार पूर्वी मुंबईच्या दाटीवाटीच्या पेठांत भरत असत. पुढे ते टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले आणि त्यांच्यामागोमाग ओझी वाहणारे माथाडी कामगारही आले. यांतील पुष्कळ जण मूळचे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतील. कोपरखैरणे, घणसोली या वसाहतींत त्यांनी संसार मांडले. परंतु गावाकडील घर, थकलेले आईवडील आणि थोडीबहुत शेती यांत त्यांचे अर्धे मन सदैव गुंतलेले राहिले.

घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला खुशाली कळविण्यासाठी काही साधन लागते आणि प्रत्येक साधनाला मोल पडते. एके काळी हे साधन म्हणजे पोस्टकार्ड होते. मनिऑर्डरच्या फॉर्मवर निरोपासाठी जी लहानशी जागा असे, तीत दोन-चार ओळी लिहून कित्येकांनी वर्षानुवर्षे आपल्या आईशी संभाषण केले. त्यानंतर पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत असत, म्हणून दिवसभर ओझी वाहून थकलेली माणसे जेवण आटोपून बूथपुढे रांगेत उभी राहत. बूथच्या आत एक लहानसे यंत्र असे आणि त्यावर लाल आकडे धावत. बोलणारा कानाने गावाकडचा आवाज ऐके आणि डोळ्यांनी ते आकडे पाही. आकडा ठरल्या मर्यादेपाशी आला, की “बरं, ठेवतो आता,” असे म्हणून तो फोन खाली ठेवी. बोलण्याचे मोल त्याच्या डोळ्यांपुढे उघडे असे.

भ्रमणध्वनी आला आणि रांगेत उभे राहण्याचे कष्ट संपले. परंतु ते लाल आकडेही दृष्टीआड झाले. बोलण्याचा भाव आता दरपत्रकात, अटींत आणि मुदतींत जाऊन बसला. तो शोधून काढण्यासाठी हिशेब करणे आवश्यक झाले. हा हिशेब कसा करावा, हे समजून घेण्यासाठी प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

भारतातील भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्याच वर्षी मुंबईतही ही सेवा सुरू झाली. त्या काळी बोलण्याचा दर सामान्य वेळी मिनिटाला ८ रुपये ४० पैसे आणि गर्दीच्या वेळी १६ रुपये ८० पैसे इतका होता. शिवाय फोन करणाऱ्याप्रमाणे फोन घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. ज्याच्या खिशात असा फोन असे, त्याला दुसऱ्याने केलेल्या चौकशीचाही भुर्दंड पडे. साहजिकच हे साधन मोठे व्यापारी आणि अधिकारी यांच्यापुरतेच मर्यादित राहिले. बाजारातील माथाडी कामगाराने ते शेठजींच्या हातात पाहिले होते, इतकेच.

या व्यवसायावर देखरेख ठेवण्यासाठी १९९७ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांकडून ठरावीक परवाना शुल्क घेण्याऐवजी त्यांच्या उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. हळूहळू स्पर्धक वाढले. मुंबई आणि नवी मुंबई येथे दूरध्वनीची सेवा देणारे सरकारी महानगर टेलिफोन निगमही २००१ साली भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात उतरले. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली. तिचे मुख्य ठाणे कोपरखैरण्याला, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत होते. रस्ता आणि लोहमार्ग ओलांडला की पलीकडे माथाडींची वस्ती. पोस्टकार्डापेक्षाही स्वस्तात बोलता यावे, ही या उपक्रमामागील कल्पना त्या काळी फार गाजली. तेव्हा पोस्टकार्ड ५० पैशांना मिळे. आणि एका रिलायन्स फोनवरून दुसऱ्या रिलायन्स फोनवर बोलण्याचा दर मिनिटाला ४० पैसे ठेवण्यात आला.

पुढे १ मे २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले. जो फोन करील त्यानेच पैसे द्यावेत, हा नवा नियम ठरला. या एका नियमाने भ्रमणध्वनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. ज्याला फोन करणे परवडत नव्हते, त्यालाही आता फोन बाळगणे परवडू लागले. यातूनच ‘मिस्ड कॉल’ नावाची एक नवी भाषा जन्मास आली. एकदा वाजवून बंद केले, की “सुखरूप पोहोचलो”. दोनदा वाजविले, की “तुम्ही फोन करा”. असे संकेत घरोघर ठरले. शब्दही न बोलता आणि पैसाही न खर्चता निरोप पोहोचू लागला. गरज ही युक्तीची जननी आहे, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

याच सुमारास ‘प्रीपेड’ म्हणजे आगाऊ पैसे भरून बोलण्याची पद्धत सर्वत्र रुळली. महिनाअखेर किती बिल येईल, ही धास्ती तीत नाही. जेवढे पैसे भरावेत तेवढेच बोलावे. पैसे संपले, की बोलणे थांबले. रोजच्या मजुरीवर संसार चालविणाऱ्या माणसाला ही पद्धत सोयीची वाटली. तथापि या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली. कोपऱ्यावरच्या दुकानात चार-पाच कंपन्यांची कार्डे शेजारी शेजारी टांगलेली असत. प्रत्येक कंपनी आपलाच दर सर्वांत स्वस्त असल्याचे सांगे. त्यांतील खरे स्वस्त कोणते, हे ठरविण्याचे काम ग्राहकाचे होते.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते. ज्याचा आकडा लहान, ते कार्ड घ्यावे. परंतु दरपत्रकावरील मोठ्या अक्षरांतील आकडा क्वचितच पूर्ण सत्य सांगतो. बाकीचे सत्य चार ठिकाणी दडलेले असे.

पहिले ठिकाण म्हणजे क्षेत्र. दूरध्वनीच्या कारभारासाठी देशाची विभागणी निरनिराळ्या मंडळांत केलेली आहे. नवी मुंबईचा समावेश मुंबईच्या मंडळात होतो. सातारा, सांगली हे जिल्हे मात्र महाराष्ट्राच्या मंडळात मोडतात. सुरुवातीच्या काळात कोपरखैरण्याहून मुंबईच्या दुसऱ्या टोकाला केलेला फोन स्थानिक ठरे, तर गावाकडे केलेला फोन लांब पल्ल्याचा समजला जाई. ज्याचे सगळे बोलणे गावाशी, त्याला स्थानिक दर कितीही स्वस्त असला तरी त्याचा काय उपयोग? १ मार्च २००६ पासून महानगर टेलिफोन निगम आणि भारत संचार निगम यांनी देशात कोठेही मिनिटाला एक रुपया या दराने बोलण्याची योजना आणली. अंतराचे महत्त्व कमी होण्यास तेव्हापासून वेग आला.

दुसरे ठिकाण म्हणजे जाळे. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात कॉल गेला, की पहिली कंपनी दुसरीला काही रक्कम देई. २००९ साली ही रक्कम मिनिटाला २० पैसे होती; २०१५ साली ती १४ पैशांवर, २०१७ साली ६ पैशांवर आली आणि १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. ही देवघेव चालू होती तोवर आपल्याच जाळ्यातील बोलणे कंपन्या स्वस्त ठेवत आणि परक्या जाळ्यातील बोलणे महाग. म्हणून दर पाहण्यापूर्वी आपले आप्तेष्ट कोणत्या कंपनीचा फोन वापरतात, हे पाहणे आवश्यक असे.

तिसरे ठिकाण म्हणजे मोजण्याचे माप. दुकानदार कापड मीटरने मोजतो की वारीने, हे न विचारता भाव ठरविणारे गिऱ्हाईक फसते. फोनचेही तसेच आहे. पूर्वी बहुतेक कंपन्या मिनिटाच्या मापाने पैसे घेत. कोणी दहा सेकंद बोलला तरी एक मिनिट, आणि एकसष्ट सेकंद बोलला तर दोन मिनिटे धरली जात. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला. बोलावे तेवढेच मोजावे, हे तत्त्व लोकांना पटले आणि इतर कंपन्यांनाही थोड्याच काळात तोच मार्ग धरावा लागला.

चौथे ठिकाण म्हणजे अटी. सवलत अमुक दिवसांपुरती, अमुक वेळेपुरती, सणाच्या दिवशी लागू नाही, असे उल्लेख दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असत. ‘रेट कटर’ म्हणून ओळखले जाणारे व्हाउचर घेतले, की दर उतरे. पण त्या व्हाउचरचेच पैसे पडत आणि त्याची मुदतही ठरलेली असे. ग्राहकांचा गोंधळ टाळण्यासाठी प्राधिकरणाने २०१२ साली व्हाउचरांना रंग ठरवून दिले. योजनेच्या व्हाउचरला तांबडा पट्टा, बोलण्यासाठी रक्कम भरणाऱ्या टॉप-अपला हिरवा आणि विशेष सवलतीच्या व्हाउचरला पिवळा. अक्षरओळख नसलेल्या ग्राहकालाही रंगावरून भेद कळावा, असा यामागील हेतू होता.

या चारही गोष्टी ध्यानात घेऊन हिशेब कसा करता येतो, हे एका उदाहरणावरून पाहू. सेकंदाचे माप नुकतेच सुरू झाले होते, त्या काळातील कोपरखैरण्याचे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडींच्या टोळीचे मुकादम आहेत. आई घर सांभाळते. मुलगी सातव्या इयत्तेत शिकते. आजी साताऱ्याकडील गावी आहे. वडिलांनी दुकानातून दोन कंपन्यांची दरपत्रके आणली आहेत. एकीचा दर मिनिटाला ६० पैसे. दुसरीचा सेकंदाला १ पैसा.

“आप्पा, हे दोन्ही दर सारखेच आहेत,” मुलगी म्हणाली. “साठ सेकंदांचे साठ पैसेच होतात.”

“तर मग कोणतेही कार्ड घेतले तरी चालेल,” वडील म्हणाले.

मुलगी क्षणभर विचारात पडली. मग तिने विचारले, “पण आप्पा, तुम्ही एका वेळी किती वेळ बोलता?”

या प्रश्नाचे उत्तर वडिलांजवळ नव्हते. तेव्हा मुलीने त्यांच्या फोनमधील कॉलची नोंद काढली आणि शेवटचे दहा कॉल वहीत उतरवून घेतले. गाडी आली, अमुक गाळ्यावर या, अशा निरोपाचे पाच कॉल प्रत्येकी २० सेकंदांचे होते. तीन कॉल ६५ सेकंदांचे आणि दोन १३० सेकंदांचे होते. मिनिटाच्या मापाने २० सेकंदांच्या पाच कॉलची पाच मिनिटे झाली. ६५ सेकंदांच्या तीन कॉलची प्रत्येकी दोन याप्रमाणे सहा मिनिटे. १३० सेकंदांच्या दोन कॉलची प्रत्येकी तीन याप्रमाणे सहा मिनिटे. एकूण सतरा मिनिटांचे १० रुपये २० पैसे झाले. सेकंदाच्या मापाने त्याच कॉलचे अनुक्रमे १०० पैसे, १९५ पैसे आणि २६० पैसे, म्हणजे एकूण ५ रुपये ५५ पैसे झाले. कागदावर समान दिसणाऱ्या दोन दरांत जवळजवळ दुपटीचे अंतर निघाले.

“म्हणजे सेकंदाचे कार्डच चांगले,” वडील म्हणाले.

“तुमच्यासाठी चांगले,” मुलगी म्हणाली. “आईचे वेगळे आहे.”

आई दर रविवारी आजीशी वीस मिनिटे बोलत असे. दुकानात तिसऱ्या एका कंपनीचे कार्ड होते. त्याचा दर मिनिटाला ५० पैसे होता. वीस मिनिटांच्या सलग बोलण्याला सेकंदाच्या कार्डावर १२ रुपये पडले असते, तर या कार्डावर १० रुपये. जे माप वडिलांना महाग, तेच आईला स्वस्त ठरले. एकाच घरात एकाच प्रश्नाची दोन बरोबर उत्तरे निघाली.

दुकानदाराने या कार्डावर २५ रुपयांचे रेट कटर घेण्याचा आग्रह केला. त्यामुळे तीस दिवस मिनिटाचा दर ५० पैशांवरून २० पैशांवर येणार होता. मुलीने पुन्हा वही काढली. मिनिटामागे बचत ३० पैशांची. म्हणजे घातलेले २५ रुपये भरून निघण्यासाठी ८४ मिनिटे बोलले पाहिजे. चार रविवारांची ऐंशी मिनिटे होतात, त्यांत २४ रुपयेच वाचतील आणि एक रुपयाचा तोटा होईल. मुदतीत पाच रविवार येत असतील, तरच शंभर मिनिटांमागे ३० रुपये वाचून पाच रुपयांचा लाभ. तोटा काय किंवा लाभ काय, रक्कम लहान होती. परंतु सवलतीचे नाव ऐकताच हात पुढे करण्यापूर्वी आकडेमोड करावी, ही सवय त्या घराला लागली आणि तिचे मोल पाच रुपयांहून पुष्कळ अधिक होते.

अखेरीस वडिलांनी एक गोष्ट विचारली, जी वहीत नव्हती. “या कंपनीचा आवाज आपल्या गावात पोहोचतो का?” डोंगराच्या कुशीतील गावांत सर्वच कंपन्यांचे मनोरे नसत. जेथे जाळेच नाही, तेथे स्वस्त दराला अर्थ नाही. गावाकडे चौकशी करूनच कार्ड घेण्यात आले. मुलीचे गणित आणि वडिलांचा अनुभव यांच्या मेळाने निर्णय झाला.

ग्राहक असे हिशेब करू लागले, की कंपन्यांनाही आपले दर नीट ठेवावे लागतात. स्पर्धेचा खरा लाभ हाच होय. मात्र एक अडचण उरली होती. कंपनी बदलली, की नंबरही बदले आणि जुन्या ओळखी तुटत. बाजारात ज्याचा नंबर दहा गाळेवाल्यांनी लिहून ठेवलेला आहे, तो माणूस दर चढले तरी कार्ड बदलण्यास धजत नसे. २० जानेवारी २०११ पासून तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली आणि ही बेडीही तुटली.

परंतु स्पर्धेचा हा बहर फार काळ टिकला नाही. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली. तिचाही कारभार नवी मुंबईतूनच, घणसोलीजवळच्या आवारातून चाले. प्रारंभी काही महिने ही सेवा विनामूल्य होती. पुढेही बोलण्यासाठी वेगळे पैसे न आकारता इंटरनेटसह एकत्रित संच देण्याची पद्धत तिने रूढ केली. या झंझावातात कित्येक जुन्या कंपन्या बंद पडल्या किंवा दुसरीत विलीन झाल्या. व्होडाफोन आणि आयडिया यांचे २०१८ साली एकत्रीकरण झाले. अखेरीस जिओ, एअरटेल व व्होडाफोन आयडिया या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी सेवा, एवढेच पर्याय उरले.

या बदलाबरोबर मोजण्याचे मापही पुन्हा बदलले. मिनिट आणि सेकंद यांची जागा आता दिवसाने घेतली. “अमर्याद बोला, २८ दिवस,” अशी भाषा सुरू झाली. हे २८ दिवस ऐकताच सामान्य माणसाच्या मनात महिना उभा राहतो. पण वर्षाला महिने बारा असतात आणि २८ दिवसांचे तेरा हप्ते होतात. वरवर दिसणारा महिन्याचा खर्च बाराने गुणणारा माणूस एक हप्ता विसरतो. हा घोळ दूर करण्यासाठी प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये आदेश दिला, की प्रत्येक कंपनीने किमान एक संच पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारा ठेवावा.

दरही चढू लागले. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन वेळी तिन्ही खासगी कंपन्यांनी ते वाढविले. जुलै २०२४ मध्ये जिओचा २८ दिवसांचा १५५ रुपयांचा संच १८९ रुपयांचा झाला. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांचे १७९ रुपयांचे संच १९९ रुपयांचे झाले. तेरा हप्त्यांनी गुणले, तर जिओच्या ग्राहकाला वर्षाकाठी ४४२ रुपये आणि इतर दोघांच्या ग्राहकांना २६० रुपये अधिक मोजावे लागले.

याहून मोठा प्रश्न गावाकडील आजीचा होता. तिचा फोन साधा, बटनांचा. इंटरनेटशी तिला कर्तव्य नाही. तिला फोन करायचा नसतो, फक्त घ्यायचा असतो. २००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले तेव्हा तिच्यासारख्यांचीच सोय झाली होती. परंतु २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी नुसते कॉल येत राहण्यासाठीही दर २८ दिवसांनी किमान रिचार्ज आवश्यक केले. तेव्हा ही रक्कम ३५ रुपये होती. पुढे स्वस्त संच एकेक करून मागे पडत गेले आणि उरलेल्या संचांत इंटरनेट जोडलेलेच असे. ज्याचा उपयोग नाही त्याचेही पैसे देणे आजीला भाग पडले. दराची तुलना करावी, तर पर्यायच हाती उरला नव्हता.

अशा वेळी एकट्या ग्राहकाची वही पुरी पडत नाही. तेथे नियमाची आवश्यकता असते. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने नियम केला, की कंपन्यांनी केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांसाठीचे, इंटरनेटविरहित संच उपलब्ध करून द्यावेत. अशा विशेष व्हाउचरांची कमाल मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढविण्यात आली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये नवे संच आले. जिओने ८४ दिवसांसाठी ४४८ रुपये आणि ३३६ दिवसांसाठी १७४८ रुपये असे दर ठेवले. एअरटेलने ८४ दिवसांसाठी ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांसाठी १८४९ रुपये ठेवले.

येथे जुनी वही पुन्हा उपयोगी पडते. १७४८ आणि १८४९ हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर पहिला स्वस्त वाटतो. परंतु १७४८ रुपयांना ३३६ दिवसांनी भागले, तर दिवसाला सुमारे ५ रुपये २० पैसे पडतात. १८४९ रुपयांना ३६५ दिवसांनी भागले, तर सुमारे ५ रुपये ७ पैसे. शंभर रुपयांनी लहान दिसणारा आकडा प्रत्यक्षात दिवसाला तेरा पैशांनी महाग ठरला. ८४ दिवसांच्या संचांत याच्या उलट आहे. तेथे ४४८ रुपयांचा संच दिवसाला सुमारे ५ रुपये ३३ पैशांना, तर ४६९ रुपयांचा सुमारे ५ रुपये ५८ पैशांना पडतो. कोणती कंपनी स्वस्त, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. किती दिवसांसाठी, हे आधी विचारावे लागते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २८ दिवसांसाठी १८९ रुपये भरणाऱ्याला दिवसाला पावणेसात रुपये पडत. त्या संचात इंटरनेट असे, हे खरे. परंतु ज्याला ते नको, त्याच्या दृष्टीने वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यापेक्षा हा खर्च कितीतरी अधिक होता. मात्र वर्षाचे १८४९ रुपये एका वेळी कोण भरू शकतो? ज्याच्याजवळ शिल्लक आहे, तो. हातावर पोट असणाऱ्याला लहान हप्ताच घ्यावा लागतो आणि लहान हप्ता महाग पडतो. किराणा दुकानात पोत्याने धान्य घेणाऱ्यापेक्षा पावशेराने घेणाऱ्याला जसा भाव अधिक पडतो, तसेच हे आहे. यावर उपाय एकच. एवढी रक्कम आधीपासून थोडी थोडी बाजूला काढून ठेवावी. रोजचे साडेपाच रुपये वेगळे ठेवले, तर वर्षभरात २००७ रुपये जमतात. मुंबईला राहणाऱ्या मुलाने आईसाठी एवढे केले, तर तिचा फोन वर्षभर बंद पडत नाही.

दर आज आहेत ते उद्या राहत नाहीत. कंपन्याही येतात आणि जातात. हिशेबाची रीत मात्र टिकून राहते. प्रथम आपला उपयोग किती आणि कसा, हे नोंदवावे. मग सर्व दर एकाच मापात आणावेत. मिनिट, सेकंद किंवा दिवस, जे आपल्याला लागू पडेल त्या मापात. अटी आणि मुदत वाचाव्यात. जेथे बोलायचे तेथे जाळे पोहोचते की नाही, याची खात्री करावी. कंपन्यांची दरपत्रके एकत्र पाहता यावीत, यासाठी प्राधिकरणाने २०१८ साली इंटरनेटवर सोय केली. तिचाही उपयोग करावा. आणि एवढे झाल्यावरच पैसे द्यावेत.

एस.टी.डी. बूथमधील ते लाल आकडे आता कोठेही दिसत नाहीत. परंतु ज्या घरात हिशेबाची वही आहे, त्या घरात ते अजूनही डोळ्यांपुढे धावत असतात. आईशी किती वेळ बोलावे, हे ते आकडे ठरवीत नाहीत, ते मनाने ठरवायचे असते. मात्र त्या बोलण्यासाठी नाहक एक पैसाही अधिक जाऊ नये, याची काळजी हिशेब घेतो. आणि असा वाचलेला पैसा पुढच्या रविवारच्या बोलण्याला उपयोगी पडतो.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा.
(अ) भारतातील भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण केव्हा व कोणाकोणांत झाले?
(आ) येणारे कॉल कोणत्या दिवसापासून निःशुल्क झाले?
(इ) नवी मुंबईचा समावेश दूरध्वनीच्या कोणत्या मंडळात होतो?

२. कारणे द्या.
(अ) मुकादमाला सेकंदाचे कार्ड स्वस्त पडले. परंतु त्याच्या पत्नीला ते महाग पडले असते.
(आ) २८ दिवसांच्या संचाचा वर्षाचा खर्च काढताना बाराने गुणणे चुकीचे ठरते.
(इ) गावाकडील आजीचा प्रश्न केवळ दरांची तुलना करून सुटण्यासारखा नव्हता.

३. “लहान हप्ता महाग पडतो,” या विधानाचे स्पष्टीकरण पाठातील आणि तुमच्या परिसरातील प्रत्येकी एक उदाहरण देऊन करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : भुर्दंड पडणे, हातावर पोट असणे, दृष्टीआड होणे, कर्तव्य नसणे.

५. तुमच्या घरातील एका फोनवरून आठवड्याभरात झालेल्या कॉलची नोंद वहीत करा. आजच्या दोन कंपन्यांचे दर मिळवून त्या घरासाठी कोणता संच योग्य ठरेल, हे आकडेमोडीसह लिहा.